जीर्ण ध्वज आणि संग्राहक

पोथी जीर्ण झाली म्हणजे ती जळांत सोडावी, ही आपल्याकडील जुनी रीत. तिच्यापायीं किती ग्रंथ गेले हें संशोधकांस निराळें सांगावयास नको. राष्ट्रध्वजाविषयींचा नियम याच जातीचा आहे. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेली ध्वजसंहिता सांगते कीं, खराब झालेला ध्वज संपूर्ण, एकांतांत, शक्यतों जाळून अथवा त्याच्या प्रतिष्ठेस शोभेल अशा अन्य रीतीनें नष्ट करावा. फाटका ध्वज लावूं नये, असेंही तींत आहे. मग १९४७ सालचा एखादा विटलेला तिरंगा कोणाच्या पेटींत निघाला, तर त्यानें काय करावें?

हा नियम कोणत्या ध्वजाचा, तें आधीं पाहिलें पाहिजे. घटनासमितीनें २२ जुलै १९४७ रोजीं जो स्वीकारला, त्याचाच. मादाम भिकाजी कामा यांनीं २२ ऑगस्ट १९०७ रोजीं स्टुटगार्ट येथें फडकविलेल्या ध्वजास तो लागत नाहीं. इंदुलाल याज्ञिक यांनीं हिंदुस्थानांत आणलेला तो ध्वज पुण्यास केसरीवाड्यांत जतन झाला, आणि त्यावर नागरी अक्षरेंही आहेत. आजच्या ध्वजावर मात्र कसलेंही अक्षर चालत नाहीं. कठीण प्रश्न आहे तो १९४७ नंतरच्या ध्वजांचा.

१९७१ च्या कायद्यान्वयें ध्वज सार्वजनिक ठिकाणीं जाळणें हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा अपराध आहे. म्हणजे एकच कृति एकांतांत संस्कार आणि चारचौघांत गुन्हा! अंत्ययात्रेंतील ध्वजास तर चितेवर जाळण्याचीही मनाई आहे. यावरून नियमाचा हेतु कापड संपविण्याचा नसून, त्याची दैना लोकांच्या दृष्टीस पडूं नये इतकाच आहे, असें माझें मत आहे. चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९४७ रोजीं चढविलेला रेशमी ध्वज तेथील संग्रहालयांत ठेवला आहे, तो याच न्यायानें. तो आतां फडकत नाहीं, साक्ष देतो.

परंतु ही सवलत सरसकट घेऊं नये. कोठें, केव्हां, कोणीं चढविला याचा समकालीन कागद ज्याच्यामागें आहे, तोच ध्वज इतिहासाचें साधन. कचेरीवर उन्हानें विटलेला कालपरवाचा ध्वज संहितेप्रमाणेंच निरोपास पात्र; हौसेनें त्याचा सांठा करणें हा लोभ होय.

ठेवावयाचाच झाल्यास आपल्या कांहीं संवयी सोडल्या पाहिजेत. पोथीच्या पानावर आपण शिक्का उठवितों, क्रमांक घालतों. ध्वजावर तें करूं नये. क्रमांक वेष्टनास बांधावा. केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याखालीं दुमडून चक्र वर ठेवण्याची घडी रोजच्या ध्वजास उत्तम, पण जुनें रेशीम घडीवरच तुटतें. तें स्वच्छ मलमलींत गुंडाळून, उजेडापासून दूर ठेवावें. भोंकांस नवें ठिगळ लावूं नये. पोथींतील त्रुटित अक्षरें आपण पदरचीं घालून भरतों काय?

प्रदर्शनांत भिंतीवर आडवा मांडतांना केशरी पट्टा वर यावा. उभा मांडल्यास तो पाहणाऱ्याच्या डावीकडे यावा. चुका होतात त्या बहुधा या उभ्या मांडणींतच.