रिस्टोअर : पूर्ववत करणे, परत देणे

वसई-विरारमध्ये खंडित झालेली वीज परत आली, की इंग्रजी बातमीत ‘पॉवर सप्लाय रिस्टोअर्ड’ असे शब्द येतात. मराठीत आपण ‘वीजपुरवठा पूर्ववत’ असे म्हणतो. पूर्वी असलेली आणि मध्यंतरी नाहीशी झालेली वस्तू अथवा स्थिती पुन्हा आणणे, हा ‘रिस्टोअर’ या क्रियापदाचा मूळ अर्थ होय. लॅटिनमधील ‘रेस्ताउरारे’ या क्रियापदापासून जुन्या फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले. ‘रेस्टॉरंट’ हा शब्दही त्याच कुळातला; फ्रेंचमध्ये तो आरंभी थकलेल्या शरीराला शक्ती परत देणाऱ्या पौष्टिक सूपासाठी वापरला जाई.

या क्रियापदाच्या दोन रचना ध्यानात ठेवाव्यात. दोन्हींची उदाहरणे वसईच्याच इतिहासात सापडतात.

पहिली रचना : एखादी वस्तू मूळ धन्याला परत देणे. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने वसईचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो मराठ्यांना परत मिळाला. येथे ‘बसीन वॉज रिस्टोअर्ड टू द मराठाज’ असे वाक्य होईल.

दुसरी रचना : एखाद्या व्यक्तीला पूर्वपदावर बसवणे. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत विजय मिळवल्यावर दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईत इंग्रजांशी तह केला. मे १८०३ मध्ये तो इंग्रजी फौजेच्या आधाराने पुण्यात परतला : ‘बाजीराव वॉज रिस्टोअर्ड टू पॉवर’.

या दुसऱ्या वाक्यात वाचकाने थोडे थांबावे. गादी परत मिळाली. परंतु तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि परराष्ट्र व्यवहारांवर इंग्रजांचे नियंत्रण, हे सारे बाजीरावाला स्वीकारावे लागले. म्हणजे पद पूर्ववत झाले, सत्ता नव्हे. म्हणून ‘रिस्टोअर्ड’ हा शब्द दिसताच नेमके काय परत आले, कोणी आणले आणि कोणत्या अटींवर, हे पाहावे.

एक नेहमीची चूक : ‘रिस्टोअर बॅक’ असे लिहू नये. ‘परत’ हा अर्थ क्रियापदातच आहे.

वास्तूंच्या संदर्भात जवळच्या शब्दांतील भेदही जाणून घ्यावा. ‘रिपेअर’ म्हणजे दुरुस्ती, ‘रेनोव्हेट’ म्हणजे नूतनीकरण, ‘कन्झर्व्ह’ म्हणजे आहे ते जतन करणे. तर ‘रिस्टोअर’ म्हणजे पूर्वीचे रूप परत आणणे. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज चर्चचे भग्नावशेष आहेत, तशाच १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तो जिंकल्यानंतरच्या मराठी काळाच्या खुणाही आहेत. अशा वास्तूबाबत ‘रिस्टोअर’ म्हणताना कोणत्या काळाचे रूप अभिप्रेत आहे, हे आधी ठरवावे लागते. ते ठरलेले नसेल, तर ‘कन्झर्व्ह’ हाच शब्द योग्य ठरतो.