औषध बरोबर, तरी संसर्ग पुन्हा का?

कायमची लघवीची नळी असलेल्या रुग्णाचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, रिपोर्टमध्ये हे औषध लागू पडतं असं लिहिलंय. कोर्सही पूर्ण केला. मग महिन्याभरात पुन्हा ताप कसा?" औषध बनावट होतं का, अशीही शंका येते. बहुतेक वेळा औषध बरोबरच असतं.

याचं उत्तर फार जुनं आहे. हॉलंडमधल्या लेवेनहूक नावाच्या कापड व्यापाऱ्याने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली पाहिला. त्यात असंख्य जीव वळवळत होते. त्याने कडक व्हिनेगरने खळखळून चूळ भरली आणि पुन्हा पाहिलं, तर थरातले पुष्कळ जीव जिवंतच! मग तोच थर त्याने पाण्यात कालवला आणि त्यात थेंबभर व्हिनेगर घातलं. सगळे लगेच मेले. व्हिनेगर थराच्या आत पोचलंच नव्हतं, हे त्याने नेमकं ओळखलं.

पुढे दोनशे वर्षांनी जंतू प्रयोगशाळेत वाढवायची पद्धत आली आणि हा थर विस्मरणात गेला. औषधांची परीक्षा सुट्या जंतूंवर होऊ लागली. तुमचा कल्चर रिपोर्ट आजही तसाच तयार होतो.

पेनिसिलिन आलं. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. त्याने किती जीव वाचवले! पण त्याआधीच, १९४४ साली, डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी दाखवलं होतं की पेनिसिलिननंतरही मोजके जंतू उरतात. ते प्रतिरोधक नसतात, ते जणू झोपलेले असतात. पेनिसिलिन घाव घालतं ते नवी भिंत बांधणाऱ्या, म्हणजे वाढणाऱ्या जंतूंवर. जो वाढतच नाही, तो वाचतो.

कळव्याच्या खाडीत ओहोटीला दगडांवर बुळबुळीत थर दिसतो ना? जंतूही पृष्ठभागाला चिकटून स्वतःभोवती असाच चिकट पदार्थ तयार करतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. आत खोलवर अन्न आणि प्राणवायू कमी, म्हणून तिथले जंतू मंदावतात. कॅनडातल्या बिल कॉस्टरटन यांनी १९७८ नंतर हा विषय डॉक्टरांपुढे लावून धरला. १९८२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या पेसमेकरची तार तपासली. अँटिबायोटिक देऊनही त्याचा संसर्ग पुन्हा उलटत होता. तारेवर जंतूंचा जाड थर सापडला.

म्हणून नळी असताना ताप आला, तर मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या सुरू करू नका. नळी किती दिवसांपूर्वी घातली ते डॉक्टरांना सांगा. ती बरेच दिवसांची असेल तर आम्ही आधी ती बदलतो, नव्या नळीतून लघवीचा नमुना घेतो आणि मग औषध ठरवतो. नळी लागतेच का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.