कुतचा वेढा

(७ डिसेंबर १९१५–२९ एप्रिल १९१६). पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (सध्याचा इराक) कुत-अल-अमारा या गावी ब्रिटिश हिंदी सैन्याच्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनला तुर्की सैन्याने घातलेला वेढा. १४७ दिवसांच्या प्रतिकारानंतर या सैन्याने शरणागती पत्करली. या डिव्हिजनमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या तीन पलटणी होत्या. त्यांतील बहुसंख्य शिपाई कोकण व दख्खनमधील शेतकरी कुटुंबांतील असल्याने महाराष्ट्राच्या लष्करी इतिहासात या वेढ्याला विशेष स्थान आहे. लढाईत पराभव झाला म्हणून नव्हे, तर रसद व वाहतूक यांची तरतूद न करता सैन्य पुढे धाडल्यामुळे कुत पडले, हे नंतरच्या चौकशीतून स्पष्ट झाले.

पार्श्वभूमी : इराणच्या आखातालगतच्या तेलसाठ्यांचे रक्षण करण्यासाठी नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थान सरकारने ही डिव्हिजन शत अल् अरबच्या मुखाशी उतरविली. त्याच महिन्यात बसरा हाती आले. एप्रिल १९१५ मध्ये शैबा येथे तुर्कांचा प्रतिहल्ला मोडून काढण्यात आला. या लढाईत ११० व्या व ११७ व्या मराठा पलटणींनी भाग घेतला होता. जून १९१५ मध्ये अमारा व सप्टेंबरअखेर कुत जिंकल्यावर बगदाद घेण्याचा मोह सरसेनापती सर जॉन निक्सन यांना आवरला नाही. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल चार्ल्स टाउनझेंड यांनी अपुऱ्या सैन्याबद्दल शंका व्यक्त केली होती. तथापि आगेकूच झाली. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या दक्षिणेस टेसिफॉन येथे घनघोर लढाई झाली. तुर्कांची पहिली फळी हाती आली, पण सु. ४,६०० सैनिक मृत वा जखमी झाले आणि माघार घेणे भाग पडले. थकलेले सैन्य ३ डिसेंबर रोजी कुतला पोहोचले. ७ डिसेंबरपर्यंत तुर्कांनी गावाची नाकेबंदी पुरी केली.

वेढा : बगदादच्या आग्नेयीस सु. १६० किमी.वर टायग्रिस नदीच्या नागमोडी वळणात कुत वसले आहे. तीन बाजूंना पाणी व चौथ्या बाजूस खंदक, अशी ही जागा बचावास सोयीची, पण बाहेर पडण्यास तितकीच अडचणीची होती. तुर्कांचे नेतृत्व प्रारंभी नुरुद्दीन व नंतर हलील यांच्याकडे होते; जर्मन फील्डमार्शल फॉन डेर गोल्ट्स हे त्यांचे वरिष्ठ होते. २४ डिसेंबर रोजी ईशान्य कोपऱ्यातील मातीच्या किल्ल्यावर तुर्कांनी मोठा हल्ला चढविला. १०३ व्या मराठा पलटणीने इतर पलटणींसह तो हातघाईच्या लढाईत परतविला. त्यानंतर तुर्कांनी मोठ्या हल्ल्यांऐवजी उपासमारीवर भिस्त ठेवली.

टाउनझेंड यांनी आरंभी धान्यसाठ्याचा जो अंदाज कळविला, तो फारच कमी होता. त्यामुळे सुटकेसाठी निघालेल्या सैन्याला पुरेशी तयारी न करताच जानेवारी १९१६ मध्ये शेख साद, वादी व हन्ना येथे एकामागून एक हल्ले करावे लागले. जानेवारीच्या अखेरीस गावातील घराघरांची झडती घेतल्यावर सु. ८४ दिवस पुरेल इतका साठा असल्याचे आढळले. तोवर हजारो सैनिकांचा बळी गेला होता. मार्चमधील दुजैला आणि एप्रिलमधील सन्नाइयात येथील प्रयत्नही फसले. सुटकेच्या प्रयत्नांत सु. २३,००० सैनिक हताहत झाले. ही संख्या वेढ्यात अडकलेल्यांहूनही मोठी होती.

उपासमार : वेढ्यात १०,००० हून अधिक लढवय्ये, सु. ३,५०० हिंदी बाजारबुणगे व सु. ६,००० अरब रहिवासी होते. जानेवारीअखेरीपासून घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस देण्यास सुरुवात झाली. ब्रिटिश शिपायांनी ते स्वीकारले; हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारले. धर्मभावनेइतकीच, गावी परतल्यावर जातीबाहेर टाकले जाण्याची भीती त्यामागे होती. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुज्ञा मागविण्यात आली. तरीही एप्रिलमध्ये पिठाचा शिधा दररोज सु. १४० ग्रॅमवर येईपर्यंत बहुसंख्य शिपाई या मांसापासून दूरच राहिले.

या काळात आहारशास्त्राच्या दृष्टीने उद्‌बोधक असा प्रकार दिसून आला. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या ब्रिटिश शिपायांना बेरीबेरीने ग्रासले, पण घोड्याच्या ताज्या मांसामुळे स्कर्व्हीपासून त्यांचा बचाव झाला. उलट, जाडेभरडे पीठ खाणारे हिंदी शिपाई बेरीबेरीपासून वाचले, पण भाजी व मांस यांच्या अभावी स्कर्व्हीने जर्जर झाले. हिरड्या सुजलेल्या, सांधे धरलेल्या या माणसांना पहाऱ्यावर उभे राहणेही कठीण झाले होते. हिंदी पलटणींचे मनोधैर्य खचल्याचा ठपका टाउनझेंड यांनी त्यांच्यावर ठेवला. परंतु त्यांच्या दुर्बलतेचे खरे कारण या व्याधीत होते.

एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांतून धान्याच्या गोण्या टाकण्यात आल्या. हवाई मार्गाने वेढ्यातील सैन्याला रसद पुरविण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी हा एक होय. मात्र तो गरजेच्या मानाने नगण्य ठरला. २४ एप्रिलच्या रात्री २७० टन सामग्री घेऊन निघालेली ‘जुलनार’ ही आगबोट तुर्कांच्या हाती पडली. मोठी खंडणी देऊन सैन्य सोडविण्याचा प्रस्तावही फेटाळला गेला. अखेर २९ एप्रिल रोजी तोफा निकामी करून सु. १३,३०० जणांनी शरणागती पत्करली. त्यांत सु. ७,००० हिंदी शिपाई व ३,२०० हून अधिक हिंदी बाजारबुणगे होते.

बंदिवास : काही आजाऱ्यांची अदलाबदल झाली, बाकीच्यांना वाळवंटातून पायी नेण्यात आले. अनेक हिंदी कैद्यांना रास अल् ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. ब्रिटिश शिपायांपैकी सु. १,७०० बंदिवासात मरण पावले. मृत व बेपत्ता हिंदी लोकांची संख्या अडीच ते तीन हजारांच्या घरात होती. टाउनझेंड यांना मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखसोयींनी युक्त निवासस्थान मिळाले.

चौकशी आणि परिणाम : १९१६ मध्ये नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नदीत चालणाऱ्या उथळ तळाच्या बोटींची टंचाई, बसरा बंदरातील धक्क्यांचा अभाव आणि हिंदुस्थान सरकारची अनाठायी काटकसर यांवर आयोगाने कठोर ताशेरे ओढले. सुटकेसाठी आलेल्या तुकड्या बोटींअभावी बसऱ्यात अडकून पडल्या होत्या, तर टेसिफॉनचे जखमी उघड्या पडावांतून, मलमपट्टीवाचून अनेक दिवसांच्या प्रवासाने बसऱ्याला आले होते. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलिन यांनी राजीनामा दिला. मोहिमेची सूत्रे लंडनच्या युद्धखात्याकडे गेली. बंदर, रेल्वे व नौका यांची व्यवस्था सुधारली. मुंबईमार्गे परत येणाऱ्या आजाऱ्यांसाठी नासिकजवळील देवळाली छावणीत रुग्णालयाची सोय होती. १८६१ मध्ये सैनिकांच्या ये-जा करण्यासाठी उभारलेली ही छावणी अशा रीतीने या आघाडीशी जोडली गेली. १९४७ नंतर तेथेच भारतीय तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आले.

पुरेशी तयारी झाल्यावर जनरल स्टॅन्ली मॉड यांच्या सैन्याने फेब्रुवारी १९१७ मध्ये कुत व ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतले. बंदिवासात गेलेल्या मराठा पलटणी नव्या भरतीने पुन्हा उभ्या करण्यात आल्या. ११७ व्या पलटणीस पुढे ‘रॉयल’ हा किताब मिळाला आणि १९२२ च्या पुनर्रचनेत या तिन्ही पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत समाविष्ट झाल्या.

स्मृती : १९२९ मध्ये उभारलेल्या बसरा स्मारकावर मेसोपोटेमियात पडलेल्या व कबर अज्ञात असलेल्या सु. ४०,६०० सैनिकांची स्मृती जपली आहे. ब्रिटिश शिपायांची नावे त्यावर कोरलेली आहेत. हिंदी सैन्यातील केवळ अधिकाऱ्यांची नावे असून साध्या शिपायांची पलटणवार संख्याच नोंदविली आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशा भेदभावाची कबुली दिली. महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्यातील अपशिंगे येथे पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या गावच्या ४६ जवानांचे स्मारक आहे. कुतला उपाशीपोटी लढलेल्या मराठी शिपायाची आठवण मुख्यत्वे अशा गावोगावच्या स्मारकांत आणि पलटणींच्या परंपरेत टिकून आहे.