संगीताचें शास्त्र आणि विद्यालय

गायन ही गुरुमुखांतूनच घ्यावयाची विद्या. ती वर्गांत कशी शिकवितां येईल, असा आक्षेप पूर्वीं घेतला जाई. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून त्यास कृतीनें उत्तर दिलें. स्वरलिपि व क्रमवार पाठ यांमुळें घराण्यांचीं दारें गृहस्थांच्या मुलांसहि किलकिलीं झालीं.

शास्त्राची बाजू पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीं सांभाळिली. रागांचे दहा थाट लावून ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ त्यांनीं मराठींत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपानें लिहिला. १९२६ सालीं लखनौस निघालेल्या मॅरिस कॉलेजामागें प्रेरणा त्यांचीच. त्याच वर्षीं आपल्या कल्याणांत गायन समाजाची स्थापना झाली. तिकडे विद्यालय, इकडे मैफल. विद्यार्थ्यास दोहोंचीहि गरज असते.

मारवा, पूरिया व सोहनी यांचे स्वर तेच. भेद आहे तो चलनांत आणि कोणत्या स्वरावर ठहरावें यांत. पुस्तक हा भेद सांगतें. कानास तो गुरूच्या गळ्यांतूनच उमगतो. तेव्हां पालकांनीं मुलांस परीक्षेस अवश्य बसवावें. पण मैफलीसहि न्यावें. एरवीं प्रमाणपत्र भिंतीवर राहील, आणि राग पुस्तकांत.