मुल्ला, महेंद्रनाथ

मुल्ला, महेंद्रनाथ : (१५ मे १९२६–९ डिसेंबर १९७१). भारतीय नौदलातील कॅप्टन. महावीरचक्राचे (मरणोत्तर) मानकरी. जन्म गोरखपूर येथे, काश्मिरी पंडित कुटुंबात. १९४६ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत छात्र म्हणून प्रवेश. १९४८ मध्ये अधिकारपद. पुढे लंडनला भारतीय उच्चायुक्तालयात उपनौदल सल्लागार म्हणूनही त्यांनी काम केले. १९७१ मध्ये ते ‘खुकरी’ या पाणबुडीविरोधी फ्रिगेटचे कप्तान आणि १४ व्या फ्रिगेट स्क्वाड्रनचे प्रमुख होते.

त्या वर्षीच्या डिसेंबरमधील भारत-पाकिस्तान युद्धात दीवच्या नैर्ऋत्येस पाकिस्तानी पाणबुडी असल्याचा सुगावा लागला. तिच्या शोधासाठी ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ मुंबईहून रवाना झाल्या. समोर होती फ्रेंच बनावटीची ‘हंगोर’. तिचे सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखाली शोध घेणारी यंत्रणा) या फ्रिगेटींच्या सोनारपेक्षा कितीतरी लांबचे टिपत असे, त्यामुळे शिकारी जहाजेच आधी दिसणार हे उघड होते. त्यातच सोनारचा पल्ला वाढवणाऱ्या एका नव्या उपकरणाच्या चाचणीसाठी ‘खुकरी’चा वेग कमी ठेवला होता. मुल्लांच्या धैर्याबरोबर हा असमतोलही लिहिला गेलाच पाहिजे. नाहीतर इतक्या माणसांचा मृत्यू केवळ एका उदात्त प्रसंगाची पार्श्वभूमी होऊन बसतो.

९ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, ‘हंगोर’चा पहिला पाणतीर ‘किरपाण’खालून न फुटता गेला, दुसरा ‘खुकरी’ला लागला. काही मिनिटांतच जहाज बुडाले. बहुतेक नौसैनिक खालच्या मजल्यांवर होते; त्यांना वर येण्याइतकाही अवधी मिळाला नाही. मुल्लांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला, हाताशी असलेल्यांना समुद्रात ढकलले, आपले लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिले आणि स्वतः जहाज सोडले नाही. त्यांच्यासह १८ अधिकारी व १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. ६७ जण वाचले. त्यांना दुसऱ्या दिवशी ‘कच्छल’ या जहाजाने समुद्रातून उचलले. ‘हंगोर’ पुढचे अनेक दिवस चाललेल्या शोधातून निसटली.

दीवला ‘खुकरी’वरील या सर्व मृतांचे स्मारक आहे. मुल्लांवर २००० मध्ये टपाल तिकीट निघाले. ‘खुकरी’ याच नावाची कॉर्व्हेट मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. १९८९ ते २०२१ अशी सेवा करून ती दीवला संग्रहालयासाठी देण्यात आली.