चुकलेलं अक्षर कुणाचं?

आजचा विषय कळल्यावर एकदोघांनी हसून विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसांना संगणकाच्या शुद्धलेखनात कुठून रस आला? प्रश्न रास्त आहे. पण हा इतिहास पाहू लागलो, तेव्हा आम्हाला त्यात आपलेच जुने प्रश्न भेटले.

आधी विषय नीट समजून घेऊ. प्रोग्राममध्ये दोन प्रकारचा मजकूर असतो. एक यंत्रासाठी, म्हणजे आज्ञा. दुसरा माणसांसाठी, म्हणजे कॉमेंट. ही आज्ञा इथे का लिहिली, याची टीप. यंत्र कॉमेंट वगळून पुढे जातं. सोबत दस्तऐवज असतात, तेही माणसांसाठीच. आपल्या परंपरेच्या भाषेत सांगायचं तर सूत्र आणि भाष्य. मग भाष्यातलं स्पेलिंग चुकलं तर बिघडलं काय? यंत्र तर चालतंच आहे!

युनिक्सपासून सुरुवात करू. 1970 च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ती घडत होती. शब्द तपासणारा 'स्पेल' हा प्रोग्राम तिथे स्टीव्ह जॉन्सन यांनी 1975 मध्ये लिहिला, डग मॅकिलरॉय यांनी तो पुढे सुधारला. गंमत अशी, की त्याच युनिक्समध्ये नवी फाइल निर्माण करणाऱ्या आज्ञेचं नाव 'क्रिएट' आहे आणि त्यात शेवटचा इंग्रजी 'ई' नाही. पुन्हा युनिक्स घडवायची झाली तर काय बदलाल, असं केन थॉम्पसन यांना एकदा विचारलं. तो 'ई' घालीन, असं ते म्हणाले. पण तोवर असंख्य प्रोग्राम त्या नावाने हाक मारत होते. आजही ते नाव तसंच आहे. थॉम्पसन ज्या तिघांपैकी एक होते त्यांनी रचलेल्या 'गो' भाषेत मात्र फाइल निर्माण करण्याच्या खुणेत तो 'ई' आला आहे.

दुसरं उदाहरण अधिक बोलकं आहे. आपण एका वेबपानावरून दुसऱ्यावर जातो, तेव्हा ब्राउझर कुठून आलो हे सांगू शकतो. या माहितीचं नाव 'रेफरर'. इंग्रजीत त्यात मध्ये दोन 'आर' हवेत. फिलिप हॅलम-बेकर यांच्या मूळ प्रस्तावात एकच पडला. मे 1996 मध्ये 'आरएफसी 1945' हा दस्तऐवज निघाला, तोवर ती चूक सर्वत्र पसरली होती. त्याचे एक लेखक रॉय फील्डिंग यांनी त्या काळी गमतीने म्हटलं होतं, की 'स्पेल'ला यांतलं कुठलंच रूप ओळखता येत नाही. म्हणजे राखणदारालाच चोर ठाऊक नव्हता. जून 2022 च्या 'आरएफसी 9110' मध्येही तेच नाव आहे, फक्त स्पेलिंग चुकीचं असल्याची कबुली जोडली आहे. पुढे आलेल्या 'रेफरर-पॉलिसी'त मात्र दोन 'आर' आहेत. आज दोन्ही रूपं शेजारी नांदतात.

इथे थांबून विचार करू. हॅलम-बेकर यांची चूक सुरुवातीला कागदावरची होती. त्या दिवशी कुणी पेन्सिल फिरवली असती, तर काम मिटलं असतं. पण दोन यंत्रं त्या नावाने बोलू लागली आणि चुकीचा करार झाला. करार एकट्याने दुरुस्त करता येत नाही. बोलणाऱ्याने सुधारला आणि ऐकणाऱ्याने नाही, तर संवादच तुटतो. म्हणून दस्तऐवजातलं स्पेलिंग वेळेवर तपासायचं.

आता कॉमेंटकडे वळू. लिनक्स कर्नलच्या कामात किरकोळ दुरुस्त्यांसाठी एक वेगळी वाट होती. नाव 'ट्रिव्हियल', म्हणजे क्षुल्लक. तिथे काय चालेल याची यादी होती. त्यात दस्तऐवजातल्या स्पेलिंगच्या दुरुस्त्या होत्या, आणि पुढे आणखी एक ओळ: 'ग्रेप' बिघडवू शकतील अशा स्पेलिंगच्या चुका. ग्रेप म्हणजे मजकुरात शब्द शोधणारं साधन. या एका ओळीत सगळं उत्तर आहे. लाखो ओळींच्या कोडमध्ये माणूस वाचत नाही, शोधतो. शब्द चुकला, की ती टीप असूनही सापडत नाही. कर्नलमध्ये नेहमीच्या चुकांची एक यादीच ठेवली आहे, मुळात डेबियनच्या 'लिंटियन' या साधनातून घेतलेली.

पण यादीने सगळं भागत नाही. पतंजलींच्या महाभाष्यात, पस्पशाह्निकात, इंद्रशत्रूचा दाखला येतो. हवा होता इंद्राला मारणारा. स्वर चुकला आणि अर्थ झाला, इंद्र ज्याला मारील तो. इंग्रजीत 'नाऊ' आणि 'नॉट' यांत शेवटच्या अक्षराचाच फरक. 'हे आता सुरक्षित आहे' आणि 'हे सुरक्षित नाही', एवढं अंतर एका अक्षराने पडतं. दोन्ही शब्द शुद्ध, म्हणून तपासनीस गप्प. तिथे अर्थ जाणणारा वाचकच लागतो.

अशा वाचकाचा मान कसा ठेवावा, हे डोनाल्ड क्नूथ यांनी दाखवलं. त्यांच्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला ते 2.56 डॉलरचा धनादेश पाठवत. 256 सेंट, म्हणजे सोळाचा वर्ग. त्यांच्या विनोदात हा 'हेक्साडेसिमल डॉलर'. पुष्कळांनी ते धनादेश वटवलेच नाहीत, चौकटीत लावले.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. 'हॅक्टोबरफेस्ट' नावाच्या उपक्रमात ऑक्टोबरमध्ये चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळे. 2020 मध्ये दस्तऐवजात एखादा निरर्थक शब्द घुसडून पाठवलेल्या बदलांचा पूर आला. सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचे तास वाया गेले. शेवटी, जे प्रकल्प स्वतःहून सहभागी होतील त्यांच्यापुरताच उपक्रम ठेवावा लागला. कृती वरवर तीच, एक शब्द बदलणं. पण क्नूथ यांना पत्र लिहिणाऱ्याने आधी पुस्तक वाचलेलं असे. इथे वाचनच गळालं होतं.

पतंजली सांगतात, घडा हवा असला की माणूस कुंभाराकडे जातो, पण शब्द घडवून दे म्हणून वैयाकरणाच्या घरी कुणी जात नाही. शब्द लोकांत आधीच चालू असतात. 'रेफरर'चं तेच झालं. म्हणजे शुद्धतेचा आग्रह सोडायचा का? नाही. व्याकरण कशासाठी, याची जी प्रयोजनं पतंजलींनी दिली, त्यांत शेवटचं आहे असंदेह, म्हणजे शंका न उरणं. आम्हाला कसोटी म्हणून तेच पुरेसं वाटतं. जी दुरुस्ती पुढच्या वाचकाची शंका मिटवते, ती क्षुल्लक नाही. जी चालता करार मोडते, ती शुद्ध असूनही करू नये. शेजारी टीप लिहून ठेवावी.

आपल्यातली तरुण मंडळी एखाद्या प्रकल्पात पहिलं पाऊल बहुधा अशाच दुरुस्तीने टाकतील. जरूर टाका. फक्त तो शब्द बदलण्याआधी त्याच्या वरच्या आणि खालच्या दहा ओळी वाचा.