साबुदाण्याचं माहेर

रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर, हे अमरावती-अकोल्यात कोणाला सांगावं लागत नाही. पण तिच्या विठोबाच्या एकादशीला आपण ज्याची उसळ करतो, त्या साबुदाण्याचं माहेर कुठलं? आज त्याचीच गोष्ट सांगतो.

साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याला कसावा म्हणतात. दिसायला लांबट रताळ्यासारखा. हा मूळचा ब्राझीलकडच्या ॲमेझॉनच्या जंगलातला. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या आदिवासींनी तो लावायला घेतला. त्याची कडू जात विषारी, तशीच खाल्ली तर जीव जाईल अशी. तिथल्या बाया कंद सोलतात, किसतात आणि तो कीस विणलेल्या लांब नळीत भरतात. नळी टांगून खालून ओढली की आवळत जाते आणि विषारी पाणी पिळून निघतं. या नळीचं नाव तिपिती. उरलेला कीस भाजून पीठ करतात. पाण्याच्या तळाशी पांढरं सत्त्व बसतं, ते वेगळं. आपण कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतो, तसंच की! आणि पिळलेलं विषारी पाणीही त्या फेकत नाहीत. उकळून उकळून विष घालवतात आणि कालवणाला वापरतात. एवढी अक्कल कोणत्या शाळेत शिकवली असेल? आपल्याकडं बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांनाच हे नीट समजेल. काजूही ब्राझीलचाच, आणि बिब्ब्याच्या कुळातला.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिका खंडातली बरीच पिकं इकडं आली. मिरची आली, काजू आला. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा, बटाटा पेरूकडच्या डोंगरांतला, रताळंही अमेरिकेचंच. कसावा केरळात रुजला तो मुख्यतः त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांच्यामुळं, १८८० नंतरच्या काही वर्षांत. जुना साबुदाणा मात्र वेगळाच होता. तो मलायाकडच्या एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून निघायचा. त्या झाडाला तिकडं सागू म्हणतात, आणि आपला 'साबू' त्यातूनच आला. दुसऱ्या महायुद्धात तो माल यायचा थांबला, तेव्हा १९४३च्या सुमारास तमिळनाडूत सेलमला कसाव्याच्या सत्त्वापासून दाणे करायला लागले. आज आपल्या डब्यात असतो तो हा.

आता उपासाचं ताट मांडून बघा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, हिरवी मिरची. सगळ्या सातासमुद्रापलीकडच्या सुना! इथल्या लेकी म्हणाल तर भगर आणि शिंगाडा. आमच्या गटात फराळाच्या ऑर्डरवरून एकदा जोरात वाद झाला. टमाटर विलायती, म्हणून चालत नाही, असं एकीचं म्हणणं. मग मिरची कशी चालते, असं दुसरीनं विचारलं आणि सगळ्या गप्प. आम्हाला कोणाचा नेम मोडायचा नाही. पण 'विलायती' हे कारण टिकत नाही, एवढं खरं. आणि एक सांगतो: साबुदाण्यात बहुतेक पिष्टच असतं, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरून दिवसभर निंदणाला जाणाऱ्या बाईला उसळीत आधार असतो तो शेंगदाण्याच्या कुटाचा. तिथं हात आखडता घेऊ नका.

या कंदासारखी माणसंही फिरली. ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी बंद झाली आणि कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे झाले. १८ जून १९०८ रोजी कासातो मारू नावाचं जहाज ७८१ जपानी माणसं घेऊन सांतोस बंदराला लागलं. चार पैसे जमवून परत जायचं, असं बहुतेकांच्या मनात होतं. कित्येक तिथंच राहिले. त्यांच्या जेवणात उमेबोशी नावाचं खारट-आंबट लोणचं लागतं, पण त्याचं फळ तिथं मिळेना. मग बायांनी लाल अंबाडीची बोंडं मिठात घालून तसं लोणचं केलं. हो, आपली अंबाडी!

पुढं जपानला कारखान्यांसाठी माणसं कमी पडली. १९९०च्या नव्या कायद्यानं या लोकांच्या नातवंडांना जपानमध्ये राहून काम करायची मुभा मिळाली. ब्राझीलमध्ये त्यांना जपानी म्हणत. जपानमध्ये आल्यावर लोक ब्राझीलवाले म्हणायला लागले. सासरी परकी, माहेरी पाहुणी, ही गत आपल्याला ऐकून समजावून घ्यावी लागत नाही. गुन्मा प्रांतातल्या ओइझुमी गावात आज दहा माणसांत साधारण एक ब्राझीलचा आहे. तिथं त्यांनी आपली दुकानं घातली. काळ्या घेवड्याचं कालवण, आणि कसाव्याच्या सत्त्वात चीज घालून भाजलेले लाडवाएवढे गोल पाव. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजांचाच, त्यांच्याकडून तो ब्राझीलला गेला तसा आपल्याकडंही आला.

२००८च्या मंदीत यातल्या अनेकांची कामं गेली. पुढल्या वर्षी जपान सरकारनं परतीच्या खर्चासाठी कामगाराला ३ लाख येन आणि घरच्या प्रत्येक माणसामागं २ लाख येन देऊ केले. अट अशी की, पुन्हा त्याच सवलतीवर यायचं नाही. हजारो जण ते पैसे घेऊन गेले. जे राहिले त्यांनी दुकानं चालू ठेवली. त्यांच्या भट्टीत तो कसाव्याचा पाव आजही भाजला जातो, आणि आता शेजारचे जपानी लोकही तो घ्यायला येतात.